लॅपटॉप विकला, विंडोज कुणाचं?

(दृश्य : बेळगाव, जुन्या लॅपटॉपांचं दुकान. काउंटरवर एकावर एक रचलेली मशिनं; एकाच्या पाठीवर कंपनीचा अर्धवट खरवडलेला स्टिकर.)

एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला बेंगळूरु, मध्ये आपलं बेळगाव. दोन्हीकडच्या ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप इथल्या दुकानांत येतात आणि इथून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंत जातात. नव्याच्या निम्म्याहून कमी भावात मशीन मिळतं, म्हणून पोरांच्या शिक्षणाला त्यांचा मोठा आधार आहे.

भाची इंजिनिअरिंगला लागली तेव्हा मीही असाच एक घेतला. विचारलं, “विंडोज ओरिजिनल आहे न्हवं?”

“होय की मामा, एकदम ओरिजिनल.”

“मग बिलावर तेवढं लिहून द्या.”

ते काही लिहून मिळालं नाही. मीही ताणलं नाही, आणि चूक झाली ती तिथंच.

(दृश्य : स्क्रीनचा खालचा उजवा कोपरा.)

सहा महिन्यांनी भाचीचा फोन. “मामा, कोपऱ्यात हे काय यायलंय?” फिकट अक्षरं होती : अ‍ॅक्टिव्हेट विंडोज.

म्हणजे विंडोजचं लायसन्स आता लागू राहिलं नव्हतं. सहाच महिने का, याला कारण आहे. मोठ्या कंपन्या व्हॉल्यूम लायसन्स, म्हणजे अनेक मशिनांसाठी मिळून एकच लायसन्स, घेतात. ते कंपनीचं असतं, मशिनाचं नव्हे. ऑफिसातला सर्व्हर प्रत्येक मशिनाला विंडोज वापरायची १८० दिवसांची मुदत देतो आणि मशीन ऑफिसात असेपर्यंत ती आपोआप वाढत राहते. लॅपटॉप तिथून बाहेर पडला की मुदत वाढवणारं कुणी उरत नाही.

हे विकत घेण्याआधी दुकानातच बघता येतं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. एसएलएमजीआर टाइप करा, जागा सोडा, तिरकी रेघ, डीएलआय (slmgr /dli). छोटी खिडकी उघडते. तिच्यात व्हॉल्यूम दिसलं तर ते लायसन्स तुमच्याकडे येत नाही. रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं, असेल तर आधीच्या मालकाला स्वतःच्या मशिनावरून काढून तुम्हाला देता येतं. ओईएम, म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्यानंच घालून दिलेलं, असेल तर ते त्या मशिनालाच बांधलेलं, म्हणून मशिनासोबत येतं. मात्र आधी कुणी मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) बदललाय का, हे विचारून घ्या. वॉरंटीबाहेर बोर्ड बदलला की ते लायसन्सही संपतं.

विकणाऱ्यानंही जपायला हवं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असलेला संगणक विकला म्हणून टॅलीचं लायसन्स घेणाऱ्याचं होत नाही. आधी जुन्या मशिनावरून ते सरेंडर, म्हणजे परत, करा, मग आपल्या नव्या मशिनावर चालू करा. व्यापाऱ्याची वर्षानुवर्षांची वही त्या संगणकात असते हो, ती तशीच परक्याच्या हाती देऊ नका.

आणि “सगळेच करतात” म्हणून क्रॅक, म्हणजे लायसन्स फोडलेली चोरटी प्रत, टाकून देणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब वाचा. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं; दुकानदाराला ती सवलत कुठून मिळणार? परवडत नसेल तर विंडोजऐवजी उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून द्या. ते फुकट आहे, त्याची प्रत करून दुसऱ्याला द्यायलाही कायद्याची आडकाठी नाही.

(दृश्य : शहापूर, मित्राचं घर. टेबलावर भाचीचा लॅपटॉप.)

मित्रानं सगळं पुसलं आणि विंडोज प्रो नव्यानं टाकलं. विंडोज ८ पासून बहुतेक ब्रँडेड मशिनांत कारखान्यातच मदरबोर्डवर ‘की’, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, भरलेली असते. या लॅपटॉपातही होती, कंपनीच्या लायसन्सखाली इतके दिवस झाकलेली. इंटरनेट जोडलं. की विचारलीच नाही, विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्ह झालं. भाची कितीतरी वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती.

गेल्या महिन्यात याच मित्रानं आपला जुना संगणक विकला. बिलावर त्यानं स्वतः लिहिलं : “विंडोज प्रो, ओईएम, मशिनासोबत. टॅली नाही.” खाली तारीख आणि सही.