चार मिलिमीटरचा फरक

(न दिसणारी आणि कमी दिसणारी माणसं फोन कसा वापरतात, यावरच्या नागपुरातल्या फिल्मचं हे निवेदन.)

(दृश्य : गोकुळपेठ बाजार, संध्याकाळ. भाजीवाल्याने परत दिलेल्या नोटा चाचपणारी बोटं.)

शंभराची नवी नोट १४२ मिलिमीटर लांब. दोनशेची १४६. रुंदी दोन्हींची ६६. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याने भर बाजारात, मागचं गिऱ्हाईक घाई करत असताना, बोटांनी चार मिलिमीटरचा फरक ओळखायचा. सोय केलेली आहे, नाही असं नाही. शंभरावर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेघा, दोनशेवर त्याच चार रेघांमध्ये दोन गोल, पाचशेवर वर्तुळ आणि पाच रेघा. नोट कोरी असेपर्यंत हे सगळं हाताला लागतं. नंतर ती कोथिंबिरीच्या ओल्या हातातून, पँटच्या खिशातून फिरते आणि उठाव जातो. शंभराच्या खालच्या नोटांना तर तो नाहीच.

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला ‘मनी’ नावाचं ॲप आणलं. फुकट आहे, आणि एकदा घेतलं की नोट ओळखायला इंटरनेट लागत नाही. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं, अर्धी घडी घातलेली असली तरी. खरी की खोटी, हे मात्र सांगत नाही. तेवढं डोक्यात ठेवायचं.

न दिसणाऱ्याने कॅमेरा धरायचा कसा, हा प्रश्न पाहणाऱ्यांना हमखास पडतो. त्याची एक युक्ती आहे. फोन आधी नोटेला टेकवायचा आणि तिथूनच सरळ वर, वीतभर उचलायचा. क्यूआर कोडलाही हेच. पण ठेल्यावर तो कोड कुठल्या कोपऱ्यात लटकवलाय हेच कळत नसेल, तर फोन टेकवणार कशाला? म्हणून बरेच जण सरळ म्हणतात, “भाऊ, नंबर सांगा, नंबरवर टाकतो.” पैसे गेले की दुकानातला डबा ओरडतो, अमुक रुपये प्राप्त झाले. तो डबा दुकानदारासाठी आला, पण अंध गिऱ्हाइकालाही आकडा स्वतःच्या कानाने पक्का करता येतो. त्याचा विचार करून तो कोणी बनवला असेल असं वाटत नाही. झालं खरं.

पिन टाकताना एका कानात इअरफोन, दुसरा कान रस्त्याकडे. शिवाय फोनचा पडदा पूर्ण काळा ठेवून आतून तो चालू ठेवता येतो. आयफोनवर ही सोय आहे, अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्येही आहे. टॉकबॅक म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा फोनमधला स्क्रीन रीडर. शेजारी उभा असलेला डोकावून पाहील तर त्याला काळी काच दिसेल.

(दृश्य : महालातलं जुनं घर. पडवीत खुर्च्या. एक वयस्क गृहस्थ आणि त्यांना फोन शिकवायला आलेला तरुण.)

काकांनी आयुष्यभर किराणा दुकान चालवलं. काचबिंदूने नजर हळूहळू गेली. मोतीबिंदूसारखं इथे ऑपरेशन करून गेलेलं परत मिळत नाही. शिकवणारा तरुण जन्मापासून अंध आहे, नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी असा घरोघरी जातो. आज पहिलाच धडा. फोन बोलायचं नाव घेत नाही.

“काका, डावा अंगठा कुठे आहे तुमचा?”

“फोनवर हाय ना बाप्पा.”

“फोनवर, की काचेवर?”

काका अंगठा उचलतात. इतका वेळ मुका बसलेला फोन लगेच बोलायला लागतो.

टॉकबॅक सुरू असताना काचेवर टेकलेलं प्रत्येक बोट म्हणजे हुकूम असतो. एक बोट फिरवलं तर त्याखाली जे येईल ते वाचलं जातं. दोन बोटं फिरवली तर पान सरकतं. त्यामुळे नुसता आधाराला ठेवलेला अंगठाही सगळा खेळ बिघडवतो. फोन कडेने धरायचा, हा पहिला नियम, आणि तो अंगवळणी पडायला वेळ लागतो.

बाकी नियम मोजके आहेत. बोट उजवीकडे झटकलं की पुढची गोष्ट, डावीकडे झटकलं की मागची. हवी ती गोष्ट ऐकू आली की दोनदा टॅप. ते दोन टॅप त्या गोष्टीवरच पडायला हवेत असं नाही, काचेवर कुठेही चालतात. घरच्यांना नेमकं हेच ठाऊक नसतं. काकांच्या नातवाने हौसेने टॉकबॅक सुरू करून पाहिला होता. एका टॅपला काही उघडेना, पान वर सरकेना. “आजोबा, फोन हँग झाला,” म्हणून त्याने तो बंद करून टाकला. खरं तर आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद दाबून धरली की बहुतेक अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक सुरू होतो, तसाच बंदही. शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये चालू करावा लागतो, इतकंच.

“हे तं लय फास्ट बोलून राह्यलं, बेटा.”

“हळू करून देतो, काका. पण पाहा, पुढे तुम्हीच वाढवायला सांगाल.”

तो स्वतःचा फोन ऐकवतो. आमच्या चमूतल्या एकालाही त्यातला शब्द कळत नाही. तो मात्र त्याच वेगात आलेला मेसेज ऐकून उत्तर पाठवून मोकळा होतो.

मग मराठी आवाज लावला जातो. काका फोनवर दोन बोटं एकदा टेकवून बोलणं थांबवायला शिकतात, आणि दोन बोटांनी दोनदा टॅप करून फोन उचलायला. दुसरी गोष्ट त्यांना फार आवडली. जावयाकडून तीन वेळा फोन करून घेतला, तीनही वेळा उचलला, बोलायला काहीच नव्हतं तरी. लिहिण्यासाठी कीबोर्डवरचा माइक आहे. काका आपल्या नेहमीच्या बोलीत बोलतात, तिथे कीबोर्ड जरा गोंधळतो. “येऊन राह्यलो” चं काय होईल, सांगता येत नाही. म्हणून पाठवायच्या आधी एकदा ऐकून घ्यायचं.

(दृश्य : जुन्या, बटणाच्या फोनचा कीपॅड. ५ वरचा उठलेला ठिपका.)

या बोलक्या काचेची मुळं शोधत गेलं की आपण पुण्यात पोचतो. नागपूरकराला हे कबूल करणं जरा जिवावर येतं, पण इलाज नाही. संगणकतज्ज्ञ टी. व्ही. रमण यांचा जन्म पुण्याचा. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. वाडिया कॉलेजात गणित, मग आयआयटी मुंबई, पुढे कॉर्नेलला डॉक्टरेट. गुगलमध्ये असताना त्यांच्यासमोर प्रश्न आला की बटणं गेली, सपाट काच आली, आता नंबर फिरवायचा कसा? बटणाच्या फोनवर पाचाचा ठिपका सापडला की बाकीचे आकडे सापडत. काचेवर ठिपका कुठून आणणार?

त्यांनी प्रश्नच उलटा केला. बोटाने पाच शोधायचाच नाही. बोट जिथे टेकेल तिथे पाच. तिथून वर डावीकडे सरकवलं तर एक, खाली उजवीकडे सरकवलं तर नऊ. एवढी साधी गोष्ट, पण डोळ्यांनी पाहणाऱ्याला ती सुचणं कठीण होतं. २००९ साली अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आला, आणि त्याच वर्षी आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हा त्याचा स्क्रीन रीडर. कॉम्प्युटरसाठी जॉज हा महागडा स्क्रीन रीडर आधीपासून होता. २००६ पासून ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए हा तसाच स्क्रीन रीडर फुकट वाटायला सुरुवात केली, आणि विंडोजवर काम करायला खिशाकडे पाहायची गरज उरली नाही.

(दृश्य : मेट्रो, लोकमान्य नगरहून सीताबर्डीकडे. खिडकीजवळ बसलेली एक विद्यार्थिनी, फोन नाकापाशी.)

ही अंध नाही. तिला मधलं धूसर दिसतं, कडेचं बरं दिसतं. हातात पांढरी काठी आहे आणि फोनही पाहते, म्हणून लोक बोलतात. “फोन तर दिसते, मग काठी कायले?” तिने उत्तर देणं सोडून दिलंय.

तिच्या फोनवर अक्षरं ठळक आहेत, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी. तीन टॅप केले की पडदा मोठा होतो आणि दोन बोटांनी हवा तिकडे सरकवता येतो. रंग उलटे केले की वाचणं सोपं जातं, पण फोटोतली माणसं भुतासारखी दिसतात. नागपूरच्या मे महिन्यात हे सगळं अपुरं पडतं. उन्हात काच चकाकते, तिच्या डोळ्यांना तो उजेड सोसत नाही. रस्त्यावर ती वाचायच्या भानगडीत पडत नाही, मजकूर ऐकते. दुपट्ट्याने तोंड बांधलं की चेहऱ्याने फोन उघडत नाही, ही तक्रार मात्र अख्ख्या शहराची आहे.

एलएडी चौक, शंकर नगर, झाशी राणी चौक… गाडीत घोषणा होते, स्टेशनात पायाला लागणाऱ्या पट्ट्या आहेत. बाहेर पडलं की फुटपाथवर लावलेल्या मोटारसायकली. त्यावर अजून कोणी ॲप काढलेलं नाही.

(दृश्य : गोळ्यांची पाकिटं, रबर बँड.)

समोरचं वाचून दाखवणारी ॲप्स आता बरीच आहेत. मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय, गुगलचं लुकआउट. डेन्मार्कमधून २०१५ साली आलेलं ‘बी माय आइज’ व्हिडिओ कॉलवर एखाद्या डोळस स्वयंसेवकाला जोडून देतं, आणि तो तुमच्या कॅमेऱ्यातून पाहून सांगतो. २०२३ पासून त्यात कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. फोटो काढा, वर्णन ऐका. साडीचा रंग, पत्रिकेवरची तारीख, कुकरशेजारी काय ठेवलंय, यासाठी उत्तम.

औषधाला मात्र नाही, निदान एकट्याच्या भरवशावर नाही. पाकिटाची चंदेरी पन्नी चमकते, अक्षरं बारीक असतात, आणि यंत्र चुकलं तरी अडखळत नाही, ठामपणे सांगतं. काकांकडे यासाठी घरगुती पद्धत आहे. सकाळच्या पाकिटाला एक रबर, रात्रीच्या पाकिटाला दोन. गोळ्या कापताना तारीख छापलेल्या टोकाकडून कधीच कापायचं नाही. ही युक्ती काकूंची, आणि आमच्या मते या फिल्ममधली सगळ्यात उपयोगाची.

(दृश्य : फोनचा पडदा. टॉकबॅकचा आवाज : “बटण… बटण… बटण…”)

ऐकलंत? ॲप बनवणाऱ्याने बटणांना नावं दिली नाहीत की असं होतं. टॉकबॅकमध्ये आपल्या हाताने नाव देता येतं, पण आधी ते बटण कशाचं आहे हे कळायला हवं. त्यात चित्रातले आकडे ओळखा म्हणणारी कोडी, आणि ती सुटेपर्यंत संपून जाणारा ओटीपी. बँक खात्याची ओळख पटवायला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा, असं सांगणारे पडदेही आहेत. या ई-केवायसीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं, आणि डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, यासह वीस निर्देश दिले.

न्यायालय बँकांना सांगेल. आपल्या मराठी पीडीएफना कोण सांगणार? श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये केलेला मजकूर डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतो. स्क्रीन रीडरला त्याच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा सापडतो, आणि तो इमानदारीने तोच वाचतो. स्कॅन केलेल्या कागदाचं त्याहून वाईट. तिथे त्याच्या लेखी पानावर काहीच नसतं.

व्हॉट्सॲपवर आपण सगळेच रोज हे करतो. काकांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा चित्र आलं. फोन म्हणाला, “फोटो.” त्याखाली बावीस जणांचे नमस्काराचे हात. काकांनी माइक दाबून विचारलं, “काय हाय रे त्या फोटोत?” पुतण्याने मग टाइप करून पाठवलं : वास्तुशांत, रविवारी, मानेवाडा, जेवण साडेबाराला.

काकांनी ते दोनदा ऐकलं आणि परत माइक दाबला.

“जेवणात काय हाय, थे बी लिव ना बाप्पा.”