डेपो: एका इंजेक्शनची चौकशी

केनियातलं किसुमू, व्हिक्टोरिया सरोवराकाठचं शहर. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत लाखो बायका पाळणा लांबवण्यासाठी जे इंजेक्शन घेतात, ते इथंही मिळतं. सगळे त्याला डेपो म्हणतात. तीन महिन्यांतून एकदा टोचून घेतलं की झालं. घरात गोळ्यांचं पाकीट लपवावं लागत नाही आणि नवऱ्याच्या परवानगीसाठी अडून राहावं लागत नाही.

पण १९९० च्या दशकापासून या इंजेक्शनवर एक संशय होता. डेपोमुळे एचआयव्हीची लागण वाढते का?

उत्तर सापडेना, कारण गर्भनिरोधक आणि शरीरसंबंध एकमेकांत गुंतलेले. दिवस जाण्याची धास्ती संपली की कंडोमचा आग्रह मागे पडू शकतो. इंजेक्शन घेणाऱ्या बाईचे संबंध मुळात जास्त वेळा येत असतील. मग दोष औषधाचा, की कंडोमशिवाय आलेल्या संबंधाचा? त्यातून ही सगळी माहिती बाईच्या तोंडून घ्यायची. परक्या माणसासमोर या गोष्टी कोण मोकळेपणानं बोलेल?

म्हणून २०१५ मध्ये 'एको' चाचणी सुरू झाली. केनिया, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि तेव्हाचं स्वाझीलँड इथली १२ केंद्रं. १६ ते ३५ वयाच्या ७,८२९ स्त्रिया, सुरुवातीला एकीलाही एचआयव्ही नाही. कुणाला डेपो, कुणाला तांबी आणि कुणाला दंडात कातडीखाली बसवायची कांडी मिळणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. इतक्या जणींनी हे मान्य केलं, यातच त्यांना उत्तराची किती गरज होती ते दिसतं.

१३ जून २०१९. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये निकाल जाहीर झाला. तिन्ही गटांत लागणीच्या प्रमाणात मोठा फरक नव्हता. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं डेपोबाबतची सावधगिरीची सूचना मागे घेतली.

डेपोवरचा संशय असा दूर झाला. मात्र त्याच अहवालात आणखी एक आकडा होता: ३९७. चाचणीच्या काळात इतक्या जणींना लागण झाली. वर्षाला शंभरात जवळजवळ चौघी. दर भेटीत समुपदेशन होत होतं, कंडोम दिले जात होते, तरीही. यातल्या बहुतेक स्त्रिया पंचविशीच्या आतल्या. ज्या दवाखान्यात त्या गर्भनिरोधकासाठी येतात, तिथं आजवर त्यांच्या गर्भाशयाचा विचार झाला, त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा झाला नाही. हे मला अक्षम्य वाटतं. एचआयव्हीची तपासणी आणि लागण टाळणारं औषध त्याच खोलीत, त्याच नर्सकडून मिळालं पाहिजे.

असं औषध आता आहे. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या एका चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविर हे इंजेक्शन २,१३४ तरुणींना दिलं होतं. त्यांच्यापैकी कुणालाही लागण झाली नाही.