मिनिटाला 180 पावलं कोणासाठी?

धावण्याच्या गटांत उंच-बुटक्या सगळ्यांना एकच कॅडन्स सांगितला जातो: मिनिटाला 180 पावलं. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी अव्वल धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा बहुतेकांची 180 किंवा त्याहून जास्त भरली. पण तो शर्यतीचा वेग होता. ताशी 10 किमीने धावणाऱ्या सहा फुटी माणसावर तोच आकडा लादणं मला साफ चुकीचं वाटतं.

गणित मांडू. एक बुटकी धावपटू आणि एक उंच धावपटू घ्या. तिची उंची 150 सेंमी, पाय 80 सेंमी. त्याची उंची 180, पाय 96. पाय मोजायचा तो खुब्यापाशी बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडापासून जमिनीपर्यंत, पँटच्या मापाने नाही. पाय झुलायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 96 भागिले 80 म्हणजे 1.2, त्याचं वर्गमूळ साधारण 1.095. तिला 180 सहज जमत असतील, तर त्याला 164 च्या आसपास. वेगालाही हेच प्रमाण लागतं: त्याचा ताशी 10 किमी तो तिचा 9.1. दोघांना ट्रेडमिलवर 10 वर ठेवून व्हिडिओ काढला, तर ती तिच्या मापाने अधिक जोरात धावत असते, आणि पाऊल ताणते म्हणून बोलणी मात्र तिला बसतात. आधी वेग जुळवा, मग चूक शोधा.

बर्लिन, 2009. 1.95 मीटर उंचीच्या उसेन बोल्टने 100 मीटर 9.58 सेकंदांत सुमारे 41 पावलांत कापले: सरासरी पाऊल 2.44 मीटर, सेकंदाला 4.3 पावलं. त्याच्यापेक्षा बराच बुटका टायसन गे 9.71 सेकंदांत आला, पावलं सुमारे 45. गेने बोल्टएवढं लांब पाऊल टाकायचा प्रयत्न केला असता, तर पाय शरीराच्या फार पुढे पडून प्रत्येक पावलाला ब्रेक लागला असता.

आता भार. पाऊल 0.33 सेकंदाचं आणि त्यातले 0.25 सेकंद पाय जमिनीवर, तर त्या वेळात सरासरी जोर वजनाच्या सुमारे 1.3 पट येतो. सर्वाधिक जोर दुपटीच्या आसपास. वजनाच्या पटीत हा हिशेब दोघांना सारखाच, हाडांना मात्र सारखा नाही. शरीर सगळ्या बाजूंनी 1.2 पट मोठं केलं तर वजन 1.73 पट होतं आणि हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ 1.44 पटच, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ताण 20 टक्के जास्त. प्रत्यक्षात उंच माणसं बहुधा सडपातळ असतात, म्हणून फरक इतका पडत नाही. पण उंच आणि भारी धावपटूचं आठवड्याचं अंतर वाढवताना हे ध्यानात हवंच. उष्णतेचंही तसंच: त्वचा 1.44 पट, तयार होणारी उष्णता त्याच वेगाला जवळपास 1.73 पट. मुंबईच्या दमट हवेत, जिथे घाम वाळत नाही, भारी धावपटूने वेग आधीपासूनच कमी ठेवावा.

कॅडन्स बदलायचाच असेल तर आधी मोजा: सहज वेगात 30 सेकंद उजवा पाय किती वेळा टेकतो, गुणिले 4. बाजूने व्हिडिओ पाहा. टाच गुडघ्याच्या बरीच पुढे टेकत असेल तरच बदल करा, तोही 5 टक्के: 164 चे 172. एकदम 180 वर नेलं तर पोटऱ्या आखडतात. सुरुवातीला एका धावेत 5-5 मिनिटांचे दोन-तीन टप्पेच या लयीत धावा, बाकी नेहमीसारखं, आणि वेग तोच ठेवा. नाहीतर कॅडन्स वाढला की वेग, यातलं काय बदललं ते कळणार नाही.