मेंदूतली उणीव मोजणारा माणूस

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणाला कंपवात असेल, म्हणजे पार्किन्सन्स, तर सिंडोपा हे नाव तुमच्या चांगलंच ओळखीचं असेल. गोळीची वेळ टळली की आजोबांचा पाय उंबऱ्याशी अडतो, सदऱ्याचं बटण लागता लागत नाही. गोळी लागू पडली की तेच आजोबा आपल्या हाताने चहाचा कप उचलतात. या गोळीत लेव्होडोपा असतं. कंपवाताच्या रुग्णाला ते द्यावं म्हणून ज्यांनी पाठपुरावा केला, त्या ओलेह होर्निकेविच यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

जन्म १९२६चा, ल्विव्हजवळचा. हा भाग आज युक्रेनमध्ये आहे. व्हिएन्नात १९५१ साली ते डॉक्टर झाले, पण रमले औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत. पुढे ऑक्सफर्डला गेले, तिथे शास्त्रज्ञ ब्लाश्को यांनी त्यांना डोपामिन या शरीरातल्या रसायनाकडे वळवलं. तेव्हा डोपामिनला कोण विचारतंय! नॉरअ‍ॅड्रेनलिन हे दुसरं रसायन बनण्याआधीचा कच्चा माल, एवढीच त्याची ओळख.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन सशांवर प्रयोग करत होते. रेझर्पिन हे औषध टोचलं की ससे निपचित पडत, डोपा, म्हणजे ज्यापासून डोपामिन बनतं ते, दिलं की पुन्हा हिंडू लागत. हे रेझर्पिन आपल्या सर्पगंधेच्या मुळीतलं बरं का. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण दाखवून दिला होता. पुढे रेझर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये कंपवातासारखी लक्षणंही दिसू लागली.

सशांपाशी न थांबता होर्निकेविच थेट माणसाच्या मेंदूकडे गेले, आणि माझ्या मते त्यांचं खरं धाडस हेच. माणूस गेल्यावर काही तासांनी काढलेल्या मेंदूतली रसायनं मोजून काही हाती लागेल, यावर तेव्हा फारसा कुणाचा भरवसा नव्हता. त्यांनी आणि त्यांचे सहकारी एरिंगर यांनी मेंदूविकार नसलेल्या १७ जणांचे आणि कंपवाताच्या ६ रुग्णांचे मेंदू तपासले, शिवाय इतर विकारांचेही काही. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाचा अर्क काढायचा आणि त्यात आयोडिन घालायचं. डोपामिन असेल तर गुलाबी रंग चढतो. निरोगी मेंदूंच्या नळ्या गुलाबी झाल्या, कंपवाताच्या नळ्यांत रंग जेमतेम. यंत्रावर आकडा येण्याआधीच नुसत्या डोळ्यांना फरक दिसला! डिसेंबर १९६०मध्ये हा निबंध छापून आला.

आता ही उणीव भरायची कशी? डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, त्याच्या आधीच्या पायरीवरचं लेव्होडोपा शिरतं. आपल्या खाजकुयलीच्या बियांतही तेच असतं. होर्निकेविच यांच्याकडे औषध होतं, पण रुग्ण होते व्हिएन्नातल्याच लाइन्झच्या वृद्धाश्रमातल्या डॉ. बिर्कमायर यांच्याकडे. दोघांत जुन्या कुरबुरी, त्यात महिने गेले. अखेर जुलै १९६१मध्ये शिरेतून इंजेक्शन दिलं गेलं. ज्यांना उठून बसता येत नव्हतं ते उठले, उभं राहता येत नव्हतं ते चालले. पण गुण टिकला काही तासच. रोज घेता येईल असं औषध व्हायला १९६७ उजाडलं. अमेरिकेत कोट्झियास यांनी ते तोंडावाटे, डोस हळूहळू वाढवत दिलं. लेव्होडोपा मेंदूत पोहोचण्याआधी वाटेतच खर्ची पडू नये म्हणून नंतर त्याला कार्बिडोपा या दुसऱ्या औषधाची जोड मिळाली. आणि गोळी दुधाबरोबर किंवा भरल्या ताटावर घेऊ नका असं डॉक्टर सांगतात ना, त्याचं कारण असं की प्रथिनांतली अमिनो आम्लं मेंदूत शिरताना लेव्होडोपाशी स्पर्धा करतात.

२०००चं नोबेल कार्लसन, ग्रीनगार्ड आणि कँडेल यांना मिळालं. होर्निकेविच यांचं नाव नव्हतं. दोनशेहून जास्त शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून नाराजी कळवली. कार्लसन यांचा मान वादातीतच, पण माणसाच्या मेंदूतला पुरावा ज्यांनी आणला त्यांना वगळणं मलाही पटत नाही.

त्यांनी मात्र काम थांबवलं नाही. टोरांटो आणि व्हिएन्ना इथे मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंवरचं संशोधन चालूच राहिलं. २०१४ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचा सहकाऱ्यांसह एक निबंध आला. पेशीतल्या ज्या सूक्ष्म पिशव्यांत डोपामिन साठतं, त्यांची ते आत ओढून घेण्याची ताकदच कंपवातात घटलेली असते, असं त्यात दाखवलं होतं. सर्पगंधेतलं रेझर्पिनही नेमकी हीच ओढ बंद पाडतं.