पाच मिनिटांची फेरी

[दृश्य: समुद्राला पोट घासत जाणारं पिवळं-लाल विमान. इंजिनांचा आवाज, निवेदन सुरू होईपर्यंत चार-पाच सेकंद तसाच राहू द्यावा.]

नीट बघा. हे विमान समुद्रावर उतरत नाहीये. पाण्याला नुसतं पोट टेकवून तसंच वेगात पुढे सरकतंय. साधारण बारा सेकंदांत ते सहा हजार लिटरहून जास्त पाणी भरून घेईल आणि पुन्हा उठेल. मग समोरच्या टेकड्यांकडे वळेल, धुरात शिरेल, झाडांच्या शेंड्यांच्या जरा वरून जात पोटाची दारं उघडेल. पाणी सुटेल. आणि लगेच परत समुद्राकडे.

या विमानाचं नाव कॅनडेअर सीएल-४१५. लॉस एंजलिसची माणसं त्याला 'सुपर स्कूपर' म्हणतात. पाणी भरायचं, आगीवर जायचं, ओतायचं: अशा एका फेरीला सुमारे पाच मिनिटं लागतात. या पाच मिनिटांकडे आपण पुन्हा येणार आहोत.

[दृश्य: ७ जानेवारी २०२५. पॅसिफिक पॅलिसेड्सच्या टेकड्यांवर धूर.]

७ जानेवारी २०२५, सकाळी साडेदहाच्या सुमारास लॉस एंजलिसच्या पश्चिमेला, समुद्राला लागून असलेल्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागातल्या टेकड्यांवर वणवा लागला. कित्येक महिने तिथे पाऊस असा पडलाच नव्हता. त्यात सांता अॅनाचे वारे सुटलेले. हे वारे समुद्रावरून येत नाहीत, वाळवंटाकडून डोंगर उतरून खाली येतात. कोरडे, आणि वादळासारखे जोरात. उडालेली ठिणगी तीन गल्ल्या पलीकडे जाऊन पडते. त्या रात्री वारा इतका होता, की आग विझवणारी विमानं उडवताच आली नाहीत. उंचावरच्या भागांत रस्त्याकडेचे पाण्याचे नळ कोरडे पडले. बंब होते, माणसं होती, नळीत पाणी नव्हतं.

वारा थोडा पडल्यावर विमानं वर गेली, तेव्हा खाली उभ्या असलेल्या माणसांना काय वाटलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पाणी वरूनच येणार होतं.

त्या विमानांतलं एक होतं 'क्वेबेक वन'. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं. क्वेबेकमध्ये थंडीत तळी गोठतात, तिकडे वणव्याचा हंगाम संपतो. कॅलिफोर्नियात मात्र शरद ऋतूत धोका वाढतो. म्हणून १९९४ पासून दर वर्षी क्वेबेकची विमानं आणि त्यांचे वैमानिक लॉस एंजलिसला येतात. शेजाऱ्याच्या घरी कार्य निघालं, की आपण आपली मोठी पातेली पाठवतो ना, तसाच हा व्यवहार. इथे करार आहे, भाडं आहे, पण इतक्या वर्षांनी त्यात जिव्हाळाही आलाय.

[दृश्य: सांता मोनिका. बहुमजली वाहनतळाची गच्ची.]

९ जानेवारी, गुरुवार. आग लागून तिसरा दिवस.

वणव्याच्या दक्षिणेला सांता मोनिका शहर. तिथल्या थर्ड स्ट्रीट प्रोमनेड या बाजाराच्या वाहनतळावर एक माणूस गाडी घेऊन आला. वय ५६. सगळ्यात वरच्या मजल्यावर गाडी लावली, ड्रोन काढलं आणि उडवलं. पॅलिसेड्समध्ये आगीने किती नुकसान केलंय, ते त्याला बघायचं होतं.

त्याला फक्त बघायचं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय. विमान पाडायला निघालेला हा माणूस नव्हता. त्याच्या जागी आपल्या ओळखीतला कुणीही असू शकला असता, आणि मला याच गोष्टीची जास्त भीती वाटते.

त्या भागावर हवाईबंदी होती. अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन वणव्यावर अशी तात्पुरती बंदी घालतंच. ड्रोन अडीच किलोमीटरहून पुढे गेलं. एवढ्या अंतरावर तळहाताएवढी वस्तू डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर चित्र येत होतं, पण ड्रोन कुठे आहे आणि त्याच्या मागे, वर, बाजूला काय आहे, हे त्याला दिसत नव्हतं. ड्रोनचा कॅमेरा समोर बघतो. त्याला कान नाहीत. दोन इंजिनांचं विमान पाठीमागून येत असलं, तरी पडद्यावर शांत, सुंदर चित्रच दिसत राहतं.

'क्वेबेक वन'ची आणि त्या ड्रोनची धडक झाली.

विमान सुखरूप उतरलं. डाव्या पंखाला भोक पडलं होतं, सुमारे तीन इंच रुंद आणि सहा इंच लांब.

[दृश्य: पंखावरच्या भोकाचं छायाचित्र. कॅमेरा स्थिर.]

एवढंसं भोक. बघताना वाटतं, यात काय एवढं? पण विमानाचा पंख म्हणजे नुसता पत्रा नसतो. त्याच्या आत कणा असतो, आणि सगळं वजन त्याच्यावर पेललेलं असतं. भोक दिसतं बाहेर, आत काय झालंय ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि न बघता असं विमान सहा टन पाण्यासह पुन्हा धुरात कोण पाठवेल? 'क्वेबेक वन' जमिनीवर उभं राहिलं. आग विझवण्याची सगळ्यात जास्त गरज असताना ते काही दिवस दुरुस्तीत गेलं.

आता त्या पाच मिनिटांकडे येऊ. कॅलिफोर्नियाच्या अग्निशमन दलाच्या लोकांनी तेव्हा साधा हिशोब मांडला होता: विमान पंधरा मिनिटं थांबलं, तर तीन फेऱ्या गेल्या. तीन फेऱ्या म्हणजे अठरा हजार लिटर पाणी. ते कुणाच्या घरावर पडलं असतं, हे सांगता येत नाही. त्या वणव्यात ६,८०० हून जास्त इमारती नष्ट झाल्या आणि बारा माणसं गेली. यातलं एकही नुकसान 'या ड्रोनमुळे' असं बोट दाखवून म्हणता येणार नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. पण त्या दिवसांत तिथे प्रत्येक फेरीची वाट बघणारं कुणीतरी होतं.

[दृश्य: तळहातावर ठेवलेलं छोटं ड्रोन. शेजारी क्रिकेटचा चेंडू.]

ते ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतलं होतं. आपल्याकडे लग्नात, गडावर, कोकणातल्या किनाऱ्यावर जे सर्रास दिसतं, त्याच जातीचं. एवढीशी वस्तू विमानाचं काय बिघडवणार?

क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो. चांगला वेगवान गोलंदाज तो ताशी १४० किलोमीटरने टाकतो, आणि तो हेल्मेटविना लागला तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आता अडीचशे ग्रॅमची वस्तू धरा आणि ताशी दोनशे किलोमीटरचा वेग धरा. धडकेतली ऊर्जा त्या चेंडूच्या तिप्पट होते. वजन दीडपटच आहे, पण वेग वाढला की ऊर्जा त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. विमान दोनशेने येत असेल, तर ड्रोन हवेत एका जागी निवांत तरंगत असलं तरी काही फरक पडत नाही.

पक्षी धडकतातच की, असंही लोक म्हणतात. पक्षी म्हणजे मांस आणि पाणी. धडकताना तो पसरतो. ड्रोनच्या पोटात बॅटरीचा घट्ट ठोकळा असतो, हातांच्या टोकांना धातूच्या मोटरी. त्या पसरत नाहीत, घुसतात. अमेरिकेतल्या डेटन विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने २०१८ मध्ये एका छोट्या विमानाच्या पंखावर साधारण किलोभर वजनाचं ड्रोन तोफेसारख्या यंत्रातून डागून बघितलं. पंखाची पुढची कड फोडून ते आत गेलं आणि मुख्य कण्यापर्यंत पोचलं. तेवढ्याच वजनाच्या जिलेटिनच्या 'पक्ष्या'ने कड जास्त चेपली, पण तो इतका खोल गेला नाही. चाचणीतला वेग जरा जास्तच धरलाय, अशी तक्रार ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने केली. वेगाबद्दल वाद होऊ शकतो. मोटर कशाची बनते, याबद्दल नाही.

[दृश्य: महामार्गावर जळालेल्या गाड्यांची रांग. जुनी बातमी.]

ड्रोनने विमानाला शिवायचीही गरज नसते. १७ जुलै २०१५. लॉस एंजलिसच्या ईशान्येला कहोन खिंड. वणवा महामार्गाकडे सरकत होता आणि आकाशात पाच हौशी ड्रोन दिसली. त्यांचे मालक कोण, ती परत कधी जाणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. वरच्या वैमानिकांना बाजूला व्हावं लागलं. वीसेक मिनिटं हवेतून पाणी पडलं नाही. आग महामार्गावर आली, लोक गाड्या तिथेच टाकून पळाले, वीसच्या आसपास गाड्या जळाल्या. कुणी दगावलं नाही, एवढंच समाधान. तिथलं वनखातं तेव्हापासून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतंय: तुम्ही उडवलंत, तर आम्हाला उडता येत नाही.

[दृश्य: न्यूयॉर्क. संध्याकाळचा समुद्र, दूरवर पूल.]

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती गोष्ट मात्र न्यूयॉर्कची आहे. २१ सप्टेंबर २०१७ ची संध्याकाळ. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेमुळे शहरावर हवाईबंदी होती. स्टेटन बेटाजवळ अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर समुद्रावरून, तीनशे फुटांच्या आसपास उंचीवर उडत होतं. सूर्य नुकताच मावळलेला. अचानक दणका बसला. हेलिकॉप्टर जवळच्या विमानतळावर उतरलं. मुख्य पात्यांपैकी एकावर दीड इंचाचा खड्डा होता. आणि आत एक तुकडा अडकून राहिला होता: ड्रोनचा एक हात, टोकाला मोटर.

तपास करणाऱ्यांनी त्या तुकड्यावरच्या क्रमांकावरून मालक शोधला. तो ब्रुकलिनच्या किनाऱ्यावरून, सुमारे चार किलोमीटर अंतरावरून उडवत होता. आणि त्याला काहीच माहीत नव्हतं! संपर्क तुटल्यावर तो अर्धा तास किनाऱ्यावर वाट बघत थांबला. ड्रोन परत आलं नाही. बिघडून समुद्रात पडलं असेल, असं समजून तो घरी गेला. आपण एका हेलिकॉप्टरला धडकलो, हे त्याला तपास अधिकाऱ्यांचा फोन आल्यावर कळलं. शेपटीकडच्या छोट्या पंख्यात ते ड्रोन गेलं असतं, तर हेलिकॉप्टर गरगरत खाली येऊ शकलं असतं. आणि हा माणूस तेव्हाही किनाऱ्यावर ड्रोनचीच वाट बघत उभा असता.

प्रशिक्षण घेतलेल्यांकडूनही हे होतं. १० ऑगस्ट २०२१ ला कॅनडात टोरांटोजवळच्या बटनव्हिल विमानतळावर उतरणाऱ्या छोट्या सेस्ना विमानाला ड्रोन धडकलं, ते पोलिसांचं होतं. विमानातल्यांना आधी पक्षी धडकला असंच वाटलं.

[दृश्य: जुहू किनारा. मागून हेलिकॉप्टर येतं.]

आता हा किनारा ओळखीचा असेल. जुहू. किनाऱ्याला लागूनच जुना विमानतळ आहे, आणि तिथून हेलिकॉप्टरं समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगार घेऊन जातात. ती भेळ खाणाऱ्यांच्या डोक्यावरून, कमी उंचीवरून जातात. इथे एखाद्याला संध्याकाळचा छान शॉट घ्यावासा वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

आपल्याकडे २०२१ चे ड्रोन नियम आहेत. अडीचशे ग्रॅमपर्यंतचं ड्रोन 'नॅनो' गटात मोडतं आणि त्याला वैमानिकाचा परवाना लागत नाही. इथेच घोळ होतो. परवाना नको याचा अर्थ लोक कुठेही उडवा असा घेतात. पण परवानगीशिवाय उडवायला मनाई असलेल्या लाल आणि पिवळ्या क्षेत्रांचे नियम त्या चिमुकल्या ड्रोनलाही लागू आहेत. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा बघायला दोन मिनिटं पुरतात. पुण्यात राहणाऱ्यांनी लोहगाव शोधावं. तिथे हवाई दलाचा तळ आहे, आणि त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानंही उतरतात.

[दृश्य: पुन्हा सांता मोनिका. वाहनतळाची गच्ची, आता रिकामी.]

३१ जानेवारी २०२५ ला पॅलिसेड्सचा वणवा पूर्ण आटोक्यात आला. त्याच दिवशी सरकारी वकिलांनी जाहीर केलं, की ड्रोन उडवणारा माणूस गुन्हा कबूल करणार आहे. दुरुस्तीचे ६५,१६९ डॉलर भरायचे आणि वणवाग्रस्तांच्या मदतकार्यात दीडशे तास काम करायचं, हे त्याने मान्य केलं. बंदी असलेल्या जागी ड्रोनच आपल्याला अडवेल, अशी त्याची समजूत होती, असं त्याच्या वकिलांचं म्हणणं. त्या ड्रोनने अडवलं नाही. आणि धडकेनंतर चारच दिवसांनी, १३ जानेवारीला, ते ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकेत ही अडवण्याची सोयच काढून टाकली. आता पडद्यावर इशारा येतो, निर्णय उडवणाऱ्याचा.

त्या आठवड्यात सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर लोक उभे होते. पिवळी-लाल विमानं खाली येताना, पाणी उचलताना, टेकड्यांकडे वळताना ते बघत होते. ते बघायला दुर्बीण लागत नव्हती. या गच्चीवरही तेच आकाश आहे. तो माणूस इथे उभा होता, हातात रिमोट, मान खाली, नजर पडद्यावर.

[दृश्य: गच्चीच्या कठड्यावरून समुद्र. एक विमान खाली येतं, पाण्याला टेकतं, उठतं. इंजिनांचा आवाज विरत जातो.]