पेशी वाढते ती कागदाने

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळवाही लागली की धुऱ्याची, म्हणजे बांधाची, भांडणं वर येतात. शेजाऱ्याने नांगराचं एक तास इकडे ओढलं, धुऱ्यावरची बाभूळ तोडली, आणि प्रकरण तालुक्याच्या कोर्टात. अशा कोर्टात दावे दाखल करून घ्यायच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली, म्हणून आज कागदांबद्दलच बोलतो. पेश्या, म्हणजे कोर्टाच्या तारखा, वाढल्या की लोक जजसाहेबांना बोल लावतात. रिकाम्या जागा, लांबलचक बोर्ड, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी, ही कारणं आहेतच. पण बऱ्याच पेश्या दाखल करायच्या दिवशीच पदरात पडलेल्या असतात.

दाव्यात शेताचं वर्णन असं हवं की शेत ओळखू आलं पाहिजे. मौजा म्हणजे गाव, गट नंबर, आराजी म्हणजे क्षेत्र, चतुःसीमा. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत हे लिहिलेलंच आहे. तरी ‘उत्तरेस भाऊबंदाचे शेत’ एवढ्यावर भागवलेले दावे येतात. कोणता भाऊबंद? अर्धं शिवार भाऊबंदांचंच असतं! आणि अतिक्रमण म्हणत असाल, तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून तिची ‘क’ प्रत आधीच लावा. नाहीतर जागेची पाहणी-मोजणी करायला कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, मग आदेश, मग मोजणीची फी. तोवर पाऊस येतो आणि शेतात पाय ठेवता येत नाही.

ज्या कागदावर तुमची भिस्त, तो पहिल्याच दिवशी यादीसह द्यायचा. मागाहून आणलेला कागद कोर्टाच्या परवानगीशिवाय घेतला जात नाही. शिवाय सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याची सही, प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, कोर्ट फी, समन्सचा भत्ता, आणि प्रतिवादी जितके तितके संच. सातबारावर नऊ वारस, तर नऊ संच. हे कळल्यावर पक्षकार झेरॉक्सकडे धावतो, तर तिथली लाइट गेलेली.

मनाई हुकुमाचा अर्ज दाव्यासोबतच येतो. आपल्याकडे तो निशाणी 5 ला, म्हणजे प्रकरणातल्या पाचव्या क्रमांकाला, लागतो, म्हणून वकील मंडळी त्याला नुसतं ‘एक्झिबिट फाइव्ह’ म्हणतात. समोरच्याला न ऐकता हुकूम मिळाला, तर आनंदात गावी परतू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज, दावा आणि कागदांच्या नकला समोरच्याला पाठवून तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हे राहिलं की समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

आता ज्याच्यावर दावा झाला त्याचं. समन्स घेऊन येणारा बेलीफ दिसला की वावरात जाऊन बसण्यात हशील नाही. समन्स दाराला चिकटवूनही बजावता येतं. बजावल्यापासून 30 दिवसांत लेखी जबाब द्यायचा, कोर्टाने कारण पटून मुदत दिली तर 90 पर्यंत. वकीलपत्र टाकलं म्हणजे जबाब दिला, असं समजणारे पुष्कळ भेटतात. मग जबाबाविना दावा पुढे चालवायचा आदेश होतो, आणि तो फिरवायला वेगळा अर्ज, वेगळा खर्च.

सरतपास, म्हणजे आपल्या बाजूची साक्ष, आता प्रतिज्ञापत्रावरच होते. वकिलाने टाइप करून आणलं, पक्षकाराने सही ठोकली. उलटतपासात विचारतात, पूर्वेस काय आहे? हा म्हणतो नाला, कागदात लिहिलंय पांदण. संपला विषय. म्हणून सही करण्याआधी ‘वकीलसाहेब, मराठीत वाचून दाखवा’ असं खुशाल म्हणा. त्यात लाजायचं काय?

वकिलाकडून प्रकरणाचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मागून घ्या. ई-कोर्टच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. एसटीत बसण्याआधी पोराला मोबाइलवर बघायला सांगा. आणि वकिलाची फी झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या पक्षकारांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.