ओट्यावरची हॉकी

(दृश्य: बाजार समितीच्या उपबाजाराचं आवार, सकाळ)

रविवार. आज हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, नाही. काल संध्याकाळपर्यंत या सिमेंटच्या ओट्यावर सोयाबीनचे ढीग होते. आता दोन पोरी खराट्यानं उरलेले दाणे लोटताहेत. एक दाणा जरी राहिला आणि त्यावर पाय पडला, तर पोरगी थेट सिमेंटवर आपटणार.

हे गाव अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं; म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं. शिट्टी वाजवताहेत त्या विद्यापीठाच्या मुलींच्या हॉकी संघाच्या प्रशिक्षक. गावासाठी ताई, खेळताना मॅडम.

(दृश्य: शाळेमागचं मैदान)

त्या स्वतः शिकल्या त्या या मैदानावर. पुस्तकात हॉकीचं मैदान ९१.४० मीटर लांब, ५५ मीटर रुंद. इथं गोलपोस्टमागे लगेच पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं शेत, त्यामुळे लांबी जमेल तेवढी. हे चित्रण मे महिन्यातलं. काळ्या मातीला भेगा पडल्यात, त्यांत चेंडू अडकतो. पावसाळ्यात हीच माती बुटाला किलोकिलोनं चिकटते. शाळेतल्या पीटीच्या सरांनी कुठून तरी सहा काठ्या आणल्या, चुन्यानं ‘डी’, म्हणजे गोलसमोरचं अर्धवर्तुळ, आखला आणि खेळ सुरू झाला. अशा जमिनीवर चेंडू कधी सरळ येत नाही. तो कुठं उसळेल याचा नेम नाही, म्हणून नजर सतत खाली. ताईंची ती सवय पक्की झाली.

त्या सवयीवर त्या विद्यापीठाच्या संघात पोचल्या, कलर होल्डर, म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेल्या खेळाडू, झाल्या. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत आयुष्यात पहिल्यांदा टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, उभ्या राहिल्या. पाणी मारलेलं, हिरवंगार. पहिलाच पास काठीखालून निघून गेला.

“मी म्हटलं टप्पा येईन,” त्या सांगतात, “तर तो सरपटतच गेला ना बाप्पा!”

१९७६ साली माँट्रियलला ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि भारत सातवा आला. तो धक्का या गावात पोचायला आणखी काही दशकं लागली, इतकंच.

(दृश्य: घरातली भिंत, प्रमाणपत्र)

पुढं बीपीएड, शारीरिक शिक्षणाची पदवी. मग कॉलेजात तासिका तत्त्वावर नोकरी; म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की काही नाही. त्यातून साठवून पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला. महाराजांच्या जुन्या मोतीबाग महालात चालते ती संस्था. तिथलं चित्रण आमच्याकडे नाही; आहे ते लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगलेलं हे प्रमाणपत्र. परतल्यावर आधी शिबिरात मदतनीस, मग निवड समितीत, मग प्रशिक्षक. नेमणूक मात्र अजूनही एका हंगामापुरती.

(दृश्य: ओटा, सराव)

टर्फ जवळपास नाही. पण सिमेंटवर चेंडू टर्फसारखाच सरपटतो, वेगानं आणि सरळ, हे ताईंना सोयाबीन विकायला आल्यावर सुचलं. सरावाच्या शंकूंच्या जागी विटा. काठीचं टोक सिमेंटवर घासतं, म्हणून त्यावर चिकटपट्टीचे वेढे. नीट बघा, या काठीचे तीन थर झिजलेत.

“कमरेतून नाही, गुडघ्यातून वाक वं! कापूस वेचून राहिली का?”

या पोरी खरंच शनिवारी वेचणीला जातात. कमरेतून वाकण्याची सवय तिथलीच. मान खाली राहते, समोरची मोकळी खेळाडू दिसत नाही. म्हणून ताई पास येताना बोटं दाखवतात: चेंडू अडवायचा आणि किती बोटं ते ओरडून सांगायचं.

“तीन!”

“चार होती. पुन्हा.”

यंदा संघ पहिल्या फेरीत एक-दोननं हरला.

(दृश्य: ट्रॅक्टर आवारात शिरतो)

उद्याच्या हर्रासासाठी माल आजपासूनच रांगेला लागतो. ओटा मोकळा करायचा. विटा भिंतीला, काठ्या पोत्यात. चेंडू मोजले जातात. सात होते, सहाच भरतात. सातवा पोत्यांच्या थप्पीमागे. गोलकीपर पॅडसकट आत शिरते.